‘निम्मा पगार मिळतोय, डोळे झाकून सही करा’ : विद्यापीठ कर्मचाऱ्यांमध्ये फिरणाऱ्या संदेशाला उत्तर

ठाण्यापासून पनवेलपर्यंत विद्यापीठात आणि महाविद्यालयांत काम करणाऱ्या माझ्या ओळखीच्या बहुतेक सगळ्यांच्या मोबाइलवर गेले काही महिने यूपीएसबद्दल, म्हणजे केंद्राच्या एकीकृत निवृत्तिवेतन योजनेबद्दल, एकच संदेश फिरतो आहे. त्याचा मजकूर थोडक्यात असा : ‘यूपीएस म्हणजे जुनी पेन्शनच आहे, फक्त नाव नवे. शेवटच्या पगाराच्या निम्मी रक्कम आयुष्यभर मिळणार. जुन्या पेन्शनीत पत्नीला ३० टक्के मिळत, इथे ६० टक्के मिळतील. भरलेले पैसेही परत मिळतील. एनपीएसचा पैसा शेअर बाजारात बुडतो. तेव्हा हिशेब करत बसू नका, डोळे झाकून सही करा, पुढे बदलता येते.’

मी एका सार्वजनिक विद्यापीठाच्या लेखा शाखेत तीस वर्षे काम करून निवृत्त झालो. मला स्वतःला जुनी पेन्शन आहे, त्यामुळे या निवडीत माझा एक रुपयाचाही लाभ किंवा तोटा नाही. पण माझ्या हाताखाली तयार झालेली मुले आता पन्नाशीला आली आहेत आणि रविवारी सकाळी कोपरीतल्या माझ्या घरी पगारपत्रकांची पिशवी घेऊन येतात. त्यांनी हा संदेश वाचून सही करू नये, एवढ्याचसाठी त्यातले एकेक विधान तपासतो.

आधी एक घोळ निस्तरला पाहिजे. संदेशात ‘यूपीएस’ हा एकच शब्द आहे, प्रत्यक्षात चर्चेत तीन योजना आहेत. राज्यात १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर सेवेत आलेल्यांना जी अंशदान योजना लागू झाली, तीच पुढे राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत, म्हणजे एनपीएसमध्ये, वर्ग झाली. मार्च २०२३ मध्ये ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ या घोषणेखाली कर्मचारी १४ ते २० तारखेपर्यंत संपावर गेले, आणि त्यानंतर वर्षभराने राज्याने आपली सुधारित राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना जाहीर केली. केंद्राने २४ ऑगस्ट २०२४ रोजी स्वतःची यूपीएस जाहीर केली आणि दुसऱ्याच दिवशी राज्य मंत्रिमंडळाने ती स्वीकारण्याचा निर्णय घेतला. केंद्रात ती १ एप्रिल २०२५ पासून लागू आहे. खाली मी जे आकडे देतो आहे ते केंद्राच्या अधिसूचित यूपीएसचे आहेत, कारण संदेशही त्याच योजनेचे नाव घेतो. विद्यापीठाचा कर्मचारी हा थेट शासकीय कर्मचारी नसतो, म्हणून शासन निर्णयात ‘कृषितर विद्यापीठे’ हे शब्द आहेत की नाहीत हे पाहिल्याखेरीज कोणताही निर्णय आपल्याला लागू आहे असे गृहीत धरू नये.

आता पहिले विधान : यूपीएस म्हणजे जुनी पेन्शनच.

निम्म्या पगाराची हमी ही २५ वर्षांची सेवा पूर्ण करणाऱ्यालाच आहे, आणि तीही शेवटच्या पगारावर नाही, तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनावर. सेवा कमी असेल तर रक्कम त्या प्रमाणात घटते, आणि दहा वर्षांपेक्षा कमी असेल तर हमी मिळतच नाही. केंद्राच्या जुन्या नियमांत दहा वर्षांची अर्हताकारी, म्हणजे पेन्शनसाठी धरली जाणारी, सेवा झाली की निम्मे वेतन मिळत असे. आता आपली तारीख पाहा. नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या माणसाची २५ वर्षे नोव्हेंबर २०३० पूर्वी पूर्ण होऊच शकत नाहीत. आपल्याकडे चतुर्थ श्रेणी वगळता शिक्षकेतर कर्मचारी ५८ व्या वर्षी निवृत्त होतो, म्हणजे ज्याची नियमित नियुक्ती वयाच्या ३३ व्या वर्षानंतर झाली, त्याला पूर्ण निम्मे वेतन कधीच मिळणार नाही. कंत्राटी म्हणून आठ-दहा वर्षे काढून मग कायम झालेले किती जण आपल्या विभागांत आहेत, आणि तासिका तत्त्वावर उमेदवारी करून चाळिशीच्या उंबरठ्यावर नियुक्तिपत्र हातात पडलेले किती प्राध्यापक आहेत, हे मी सांगायला नको.

परवा आलेल्या एका सहकाऱ्याचेच उदाहरण घेतो. निवृत्तीच्या वेळी सरासरी मूळ वेतन ८०,००० रुपये आणि सेवा २० वर्षे धरली. निम्मे झाले ४०,०००. वीस वर्षांचे महिने २४०, त्यांना ३०० ने भागले की ०.८. म्हणजे हातात ३२,००० आणि त्यावर महागाई वाढ. संदेश वाचून तो मनात ४०,००० धरून आला होता. आकडा पाहिल्यावर त्याने कॅल्क्युलेटर माझ्या हातातून घेऊन तीच बेरीज दोनदा करून पाहिली.

जुन्या पेन्शनीशी दुसरा मोठा फरक अंशराशीकरणाचा आहे. जुन्या नियमांत पेन्शनच्या ४० टक्क्यांपर्यंतचा भाग विकून एकरकमी पैसे घेता येत आणि पंधरा वर्षांनी पेन्शन पुन्हा पूर्ण होई. ४०,००० पेन्शन असणाऱ्याला ५८ व्या वर्षी त्यातून सोळा लाखांच्या आसपास मिळत. यूपीएसमध्ये ही सोय नाही. त्याऐवजी दर पूर्ण सहा महिन्यांच्या सेवेमागे मासिक वेतन आणि महागाई भत्ता यांचा दहावा हिस्सा मिळतो. महागाई भत्ता ५० टक्के धरला तर माझ्या सहकाऱ्याला वीस वर्षांचे चार महिन्यांचे वेतन, म्हणजे ४,८०,००० रुपये होतात. घोडबंदर रोडवरच्या फ्लॅटचा हप्ता निवृत्तीनंतरही चालू राहणार असेल, तर हा फरक जाणवल्याशिवाय राहत नाही. शिवाय जुन्या पेन्शनीसाठी पगारातून काहीही कापले जात नव्हते. भविष्य निर्वाह निधीत जे जाई ते आपलेच असे आणि व्याजासह परत येई. यूपीएसमध्ये मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या १० टक्के रक्कम दरमहा कापली जाते.

याच विधानामुळे एक खरी संधी झाकली जाते. ज्यांची नियुक्ती १ नोव्हेंबर २००५ नंतर झाली पण ज्या पदाची जाहिरात त्यापूर्वी निघाली होती, अशा राज्य कर्मचाऱ्यांना २ फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाने जुन्या पेन्शनचा विकल्प मिळाला. २००५ च्या आगेमागे लागलेल्या प्रत्येकाने कोणत्याही अर्जावर सही करण्याआधी आपल्या जाहिरातीची तारीख शोधून काढावी आणि तो निर्णय आपल्या आस्थापनेला लागू झाला आहे का आणि विकल्पाची मुदत उरली आहे का, हे विचारावे.

दुसरे विधान पत्नीच्या ६० टक्क्यांचे. मला सर्वांत जास्त खटकते ते हेच, कारण यात दोन वेगळ्या पायांवरचे टक्के शेजारी ठेवून माणसाला फसवले जाते. जुन्या योजनेतले ३० टक्के हे शेवटच्या वेतनाचे आहेत. यूपीएसचे ६० टक्के हे पेन्शनचे आहेत, आणि पेन्शन वेतनाच्या निम्मी आहे. निम्म्याचे ६० टक्के म्हणजे वेतनाचे ३० टक्केच. ८०,००० वेतन आणि २५ वर्षे सेवा असेल तर दोन्हीकडे २४,०००. सेवा २० वर्षे असेल तर यूपीएसमध्ये ३२,००० चे ६० टक्के, म्हणजे १९,२००. दुप्पट म्हणून सांगितलेली रक्कम प्रत्यक्षात तेवढीच आहे, किंवा कमी आहे.

आणि ही रक्कम मिळते कोणाला? निवृत्तीच्या दिवशी जी व्यक्ती कायदेशीर पती किंवा पत्नी आहे, फक्त तिलाच. जुन्या कुटुंब निवृत्तिवेतनात पती-पत्नीनंतर अपत्यांचा क्रम लागत असे, आणि दिव्यांग अपत्याला ते आजीवन मिळत असे. कळव्याचे एक सहकारी सपत्नीक आले होते. मुलगा एकवीस वर्षांचा आहे, स्वतःचे कपडे स्वतः घालू शकत नाही. वहिनींनी सगळा वेळ एकही प्रश्न विचारला नाही, मग उठता उठता म्हणाल्या, “काका, आम्ही दोघं गेल्यावर ह्याला काय?” यूपीएसमध्ये या प्रश्नाचे उत्तर ‘काही नाही’ असे आहे. एनपीएसमध्ये निदान ६० टक्के निधी त्यांच्या हाती येतो, आणि उरलेल्या ४० टक्क्यांतून मूळ रक्कम वारसाला परत करणारी वार्षिकी, म्हणजे एकरकमी पैसे भरून विकत घेतलेले आयुष्यभराचे ठरावीक उत्पन्न, घेता येते. त्या मुलासाठी विश्वस्त व्यवस्था उभी करायची तर भांडवल लागेल, मासिक हमी पुरणार नाही. अशा घराला ‘डोळे झाकून सही करा’ म्हणणे हा अन्याय आहे.

‘भरलेले पैसेही परत मिळतात’ हे तिसरे विधान चुकीचे आहे. यूपीएसची हमी घेणाऱ्याचा संचित निधी निवृत्तीच्या वेळी सामायिक निधीत वळता होतो. त्यातून ६० टक्क्यांपर्यंत रक्कम काढून घेता येते हे खरे, पण जेवढी काढाल तेवढ्या प्रमाणात पेन्शन कमी होते. दोन्ही हातांत लाडू मिळत नाहीत.

याला जोडून एक गोष्ट आहे जी संदेशात नाही आणि आमच्या लेखा शाखेतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. यूपीएसमध्ये तुमच्या खात्यातल्या निधीची तुलना एका प्रमाण निधीशी होते : प्रत्येक महिन्याचे अंशदान वेळेवर जमा झाले असते, मध्ये काहीही काढले नसते आणि ते ठरलेल्या पद्धतीने गुंतले असते, तर जी रक्कम झाली असती ती. तुमचा निधी तिच्यापेक्षा कमी असेल आणि ती तूट तुम्ही भरून काढली नाही, तर पेन्शन त्या प्रमाणात कमी होते. जास्त असेल तर वरचा भाग तुम्हाला मिळतो. घरासाठी किंवा मुलीच्या शिक्षणासाठी मध्ये पैसे काढले असतील त्यांनी हे लक्षात घ्यावे. त्याहून जास्त काळजी मला न भरलेल्या हप्त्यांची वाटते. वर ८०,००० वेतनाचे उदाहरण दिले त्या सहकाऱ्याची पगारपत्रके आणि त्याच्या प्रान खात्याचे, म्हणजे एनपीएसमधल्या कायम क्रमांकाच्या खात्याचे, विवरण आम्ही जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी मांडले आणि पट्टीने ओळ धरून महिना महिना जुळवला. चौदा महिन्यांची कपात पगारपत्रकात होती, विवरणात नव्हती. जुन्या अंशदान योजनेतून रकमा वर्ग होताना असे अनेकांचे झाले आहे. ही चूक त्याची नाही, पण निवृत्तीच्या दिवशी तिचा भार त्याच्याच पेन्शनवर पडेल.

चौथे विधान, एनपीएसचा पैसा शेअर बाजारात बुडतो. सरकारी कर्मचाऱ्यांसाठीच्या मूळ पर्यायात समभागांतला वाटा वर्षानुवर्षे १५ टक्क्यांच्या आत ठेवला गेला, बाकीचा पैसा सरकारी रोखे आणि कर्जरोखे यांत गेला. बाजार पडला की खात्यातला आकडा खाली येतो, मार्च २०२० मध्ये तो आला, पण त्याला बुडणे म्हणत नाहीत. एनपीएसची खरी दुखरी नस वेगळी आहे : तिथे पेन्शनच्या आकड्याची हमी नाही आणि वार्षिकीवर महागाई वाढ मिळत नाही.

हे आकड्यांत मांडतो. त्याच सहकाऱ्याचा निधी निवृत्तीला ७० लाख झाला असे धरू. किमान ४० टक्के, म्हणजे २८ लाखांची वार्षिकी घ्यावी लागेल. साडेसहा टक्के दर धरला तर महिन्याला १५,००० रुपयांच्या थोडे वर मिळतील. उरलेले ४२ लाख करमुक्त हाती येतील. ते सात टक्क्यांवर ठेवले तर आणखी २४,५०० रुपये. एकूण जेमतेम ३९,७००, आणि ही रक्कम महागाईबरोबर वाढणार नाही. यूपीएसमध्ये ३२,००० आणि ५० टक्के महागाई वाढ मिळून ४८,००० होतात, आणि ते पुढे वाढत जातात. तेव्हा पती-पत्नी दोघेही धडधाकट, मुले मार्गी लागलेली आणि कर्ज फिटलेले, अशा घराने यूपीएस घेतली तर मी त्यांना अडवणार नाही, उलट घ्या म्हणेन. एनपीएस सरसकट चांगली आहे असे माझे म्हणणे नाही. पण ४८,००० घेणाऱ्याच्या मागे भांडवल उरत नाही आणि ३९,७०० घेणाऱ्याचे ४२ लाख, आणि वार्षिकी तशी निवडली असेल तर २८ लाखही, वारसांना राहतात. अविवाहित किंवा एकट्या कर्मचाऱ्याला, गंभीर आजार असलेल्याला, बारा-पंधरा वर्षांचीच सेवा होणाऱ्याला हे पारडे वेगळ्या बाजूला झुकलेले दिसेल.

राहिले ‘पुढे बदलता येते’. केंद्राच्या नियमाप्रमाणे यूपीएसमधून एनपीएसमध्ये एकदाच परत जाता येते, तेही नियत वयोमानाच्या निवृत्तीआधी किमान एक वर्ष किंवा स्वेच्छानिवृत्तीआधी तीन महिने. एनपीएसमध्ये परत गेलेल्याला पुन्हा यूपीएसचे दार उघडत नाही. स्वेच्छानिवृत्तीचा विचार असणाऱ्यांनी आणखी एक कलम वाचावे : २५ वर्षे पूर्ण करून लवकर बाहेर पडले, तरी हमीची रक्कम सुरू होते ती नियत वयोमानाच्या तारखेपासून. ५३ व्या वर्षी बाहेर पडलेल्या शिक्षकेतर कर्मचाऱ्याला मधली पाच वर्षे स्वतःच्या बळावर काढावी लागतील. राजीनामा दिला किंवा बडतर्फी झाली, तर हमी नाहीच.

माझ्या सहकाऱ्याने अजून विकल्प दिलेला नाही. त्या चौदा महिन्यांची यादी, पगारपत्रकांच्या प्रती आणि ‘आपल्या आस्थापनेस कोणता शासन निर्णय लागू आहे व माझी अर्हताकारी सेवा किती धरली जाईल, हे लेखी कळवावे’ अशी विनंती असलेला अर्ज त्याने आवक शाखेत देऊन पोच घेतली आहे. त्या अर्जाचा मसुदा माझ्याकडे आहे, ज्याला हवा असेल त्याने रविवारी सकाळी येताना स्वतःचे सेवापुस्तक आणि विवरण घेऊन यावे.