‘तीन महिन्यांची सुई जास्त ताकदीची’ हे खरं नाही

परभणी-नांदेडकडच्या ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरतोय. टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) कमी असेल तर तीन महिन्यांची सुई घ्या, ती जास्त ताकदीची. दोन-तीन आठवड्यांची जुनी सुई मूड बिघडवते. तीन महिन्यांच्या मोठ्या सुईला तपासण्या लागत नाहीत, आणि ती गावातल्या कंपाउंडरकडूनही टोचून घेता येते, असं त्यात लिहिलंय. मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीची गाठ काढल्यापासून मी हेच औषध घेतोय, आधी छोटी सुई, आता मोठी. म्हणून गप्प बसवत नाही.

आधी ताकदीचं बघू. दोन्हींत हार्मोन एकच. त्याला जोडलेलं एस्टर (हार्मोन हळू सुटावं म्हणून लावलेला रासायनिक भाग) आणि ज्या तेलात ते विरघळवलंय ते तेल वेगळं, त्यामुळे हार्मोन रक्तात किती हळू उतरणार एवढंच बदलतं. हिशोब करा: मोठी सुई म्हणजे अनडेकॅनोएट, १००० मिलीग्रॅम १२ आठवड्यांतून एकदा; छोटी म्हणजे एनँथेट, २५० मिलीग्रॅम ३ आठवड्यांतून एकदा. आठवड्याला दोन्हींचे साधारण ८३ मिलीग्रॅमच पडतात. त्यातही निव्वळ टेस्टोस्टेरॉन एनँथेटमध्ये ७२ टक्के, अनडेकॅनोएटमध्ये ६३. म्हणजे छोट्या सुईचाच वाटा किंचित जास्त.

मूडचं म्हणणं अर्धं खरं आहे. एनँथेट घेतल्यावर पहिले काही दिवस पातळी उसळते, तिसऱ्या आठवड्यात तळाला जाते. तो तिसरा आठवडा मला आजही आठवतो: अंगात जीव नसायचा आणि घरच्यांवर विनाकारण चिडचिड व्हायची. पण दोष औषधाचा नव्हता, अंतराचा होता. डॉक्टरांनी डोस वाटून दर आठवड्याला थोडाथोडा दिला आणि चढउतार निवळला. छोट्या सुईचा एक मोठा गुण मेसेजमध्ये नाहीच: त्रास झाला तर ती थांबवता येते आणि थोड्या आठवड्यांत असर ओसरतो. मोठी एकदा टोचली की काढता येत नाही. म्हणून उपचाराच्या सुरुवातीला छोटीच बरी, असं माझं ठाम मत आहे.

तपासण्या लागत नाहीत, हे सगळ्यात धोक्याचं. टेस्टोस्टेरॉनने लाल पेशी वाढून रक्त घट्ट होऊ शकतं. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण, ५४ टक्क्यांवर गेला की औषध थांबवतात. छोट्या सुईच्या उसळीत हे जास्त होतं, तरी मोठीला सूट नाही: सुरू करण्याआधी, ३ ते ६ महिन्यांत आणि पुढे दरवर्षी तपासायचं. रक्तातल्या टेस्टोस्टेरॉनच्या पातळीची तपासणी मोठ्या सुईची पुढच्या डोसच्या अगदी आधी, छोटीची दोन डोसांच्या मध्ये. दिवस चुकला तर रिपोर्टवरून डोसही चुकतो.

आता कंपाउंडरचं. मोठ्या सुईत ४ मिलीलीटर एरंडेल-आधारित द्रावण असतं. ते कुल्ल्याच्या स्नायूत खोल आणि सावकाश, सुमारे दोन मिनिटं घेऊन द्यावं लागतं. क्वचित तेल फुप्फुसात पोचून खोकला, धाप, चक्कर येते, म्हणून नंतर अर्धा तास तिथेच बसायचं. शिवाय दुसरा डोस ६ आठवड्यांनीच असतो, तीन महिने त्यानंतर. सस्टॅनॉन या मिश्र एस्टरच्या तिसऱ्या टेस्टोस्टेरॉन सुईमध्ये शेंगदाण्याचं तेल असतं. शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर ते घ्यायचं नाही.

मूल हवं असलेल्यांनी दोन्हींपासून दूर राहून आधी डॉक्टरांशी बोलावं, कारण दोन्हींनी शुक्राणू घटतात.

मग मोठी सुई कुणाला? बीडहून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्या, डोस आधीच बसलेल्या माणसाला. कोयता घेऊन फडावर असताना दर पंधरवड्याला दवाखाना कुठे शोधणार?