काचेआड का उभे राहतात, ते मला विचारा

गेल्या रविवारी, पाववाल्या पदेराचं पोंय-पोंय अजून आमच्या वाड्यावर वाजायचं होतं, तेवढ्यात दादाने घरच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज टाकला. वर लाल दिव्याची तीन चित्रं आणि मथळा: ‘रेडिओलॉजिस्ट संपले! मुलांना या शाखेत घालण्यापूर्वी वाचा.’ त्याआधी तिघांनी तो मला पाठवला होता आणि तिन्ही वेळा मी तो पुसून टाकला होता. या वेळी पुसून भागेना. दादाची मुलगी यंदा पीजीच्या काउन्सेलिंगला आहे, तिला रेडिओलॉजी हवी आहे आणि रँकही तसा आला आहे. दुपारपर्यंत घरात रडारड. संध्याकाळी कळलं की वहिनीने तोच मेसेज वाचून आपली मॅमोग्राफीची, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेची, वेळ रद्द केली. तेव्हा मात्र डोकं फिरलं.

मी डॉक्टर नाही. गोव्यात फोंड्याच्या बाजूला एका खाजगी इस्पितळात 22 वर्षं एक्स-रे टेक्निशियन आहे. फिल्म डेव्हलपरच्या टाकीत बुडवून, क्लिपला टांगून वाळवण्यापासून ते आजच्या कॉम्प्युटरपर्यंत सगळं या हातांनी केलंय. रेडिओलॉजिस्ट, म्हणजे हे फोटो वाचून आजार सांगणारे डॉक्टर, त्यांच्या शेजारच्या खोलीत माझा जन्म गेला, म्हणून बोलतो.

मेसेजात पाच गोष्टी आहेत. एक, एआयच्या जनकाने 2016 मध्येच सांगितलं की रेडिओलॉजिस्ट घडवणं बंद करा, आणि अमेरिकेत ते बंद झालंही. दोन, एक्स-रे, सीटी, एमआरआय सगळं इंजिनियर आणि शास्त्रज्ञांनी शोधलं, रेडिओलॉजिस्टने काहीच नाही. तीन, तो पेशंटला हात लावत नाही, म्हणजे खरा डॉक्टरच नव्हे. चार, हे लोक कॅन्सरने मरतात, त्यांच्यातल्या बायकांना मूल होत नाही, म्हणून तर काचेआड लपतात. तेव्हा एमआरआय, मॅमोग्राफीपासून दूर राहा. पाच, एका प्रयोगात त्यांना समोरचा गोरिलासुद्धा दिसला नाही.

चौथ्यापासून सुरुवात करतो. बाकीच्यांनी फार तर कोणाची सीट जाईल. या चौथ्याने जीव जाईल.

काचेआड कोण उभं राहतं? आधी मी. पेशंट वर्षातून एकदा येतो, छातीचा एक फोटो काढतो आणि तिस्कावर जाऊन भजी खातो. मी दिवसाला 40 फोटो काढतो. प्रत्येक वेळी त्याच्याशेजारी उभा राहिलो तर वर्षाचे किती झाले, मोजा. पदेर भट्टीपासून हात सांभाळतो म्हणून तुम्ही पाव खायचं सोडता का? छातीच्या एका एक्स-रेला साधारण 0.1 मिलिसिव्हर्ट (किरणांचा डोस मोजायचं माप) एवढा डोस लागतो. जमिनीतून, आकाशातून, हवेतून माणसाला जगभर सरासरी वर्षाला सुमारे 2.4 मिलिसिव्हर्ट असेही मिळतच असतात, घरी सोप्यावर बसूनसुद्धा. मॅमोग्राफीचा डोस साधारण 0.4. म्हणजे दोनेक महिने नुसतं जगल्यावर जेवढं मिळतं तेवढं.

आणि एमआरआय? ‘एक एमआरआय म्हणजे पाचशे एक्स-रे’ असं लिहिणाऱ्याला चवथीला गणपतीवर टांगतात त्या माटोळीला बांधून ठेवला पाहिजे. एमआरआयमध्ये एक्स-रे नसतातच. तिथे चुंबक असतो. त्याची भीती बाळगायचीच असेल तर लोखंडाची बाळगा. मुंबईतल्या एका इस्पितळात 2018 साली ऑक्सिजनचा सिलिंडर त्या खोलीत नेला गेला आणि एक माणूस जिवाला मुकला. आमच्याकडे दारावर मी विळखा घालून बसतो तो त्यासाठी. सोनोग्राफीतही किरण नाहीत, नुसता आवाज, कानाला न ऐकू येणारा.

सीटीला मात्र मी फुकटचा दाखला देणार नाही. छातीच्या सीटीला 7 मिलिसिव्हर्टच्या आसपास जातात. ‘एकदा सगळं अंग स्कॅन करून टाका’ म्हणत येणारे हौशी लोक मला आवडत नाहीत. कारण असेल तर करायचा, नसेल तर नाही.

आता ‘हे लोक कॅन्सरने मरतात’. पूर्वी मरत होते. एडिसनचा मदतनीस क्लॅरेन्स डॅली एक्स-रेच्या नळ्यांवर काम करता करता दोन्ही हात गमावून 1904 मध्ये गेला. एडिसनने त्यानंतर एक्स-रेचा नाद सोडला. फिलाडेल्फियाचे डॉ. मिहरान कसाबियन स्वतःच्या सडत चाललेल्या हातांचे फोटो काढून ठेवत राहिले आणि 1910 मध्ये वारले. नळी बरोबर चालते की नाही हे त्या काळी स्वतःचा पंजा तिच्यापुढे धरून पाहत. जर्मनीत हॅम्बुर्गला अशा लोकांच्या नावांचा दगडी स्तंभ 1936 मध्ये उभारला. मेसेजवाल्याने हे वाचलं असेल आणि तिथेच थांबला असेल.

पुढचं वाचायला हवं होतं. सर रिचर्ड डॉल, तेच ज्यांनी सिगारेट आणि फुप्फुसाच्या कॅन्सरचं नातं दाखवलं, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनच्या रेडिओलॉजिस्टांचा 1897 ते 1997 असा शंभर वर्षांचा हिशेब मांडला. तो 2001 मध्ये छापून आला. 1920 पर्यंत या धंद्यात आलेल्यांचं कॅन्सरने मरण्याचं प्रमाण इतर डॉक्टरांपेक्षा 75 टक्क्यांनी जास्त होतं. पुढच्या पिढ्यांत ते उतरत गेलं, आणि 1954 नंतर आलेल्यांत जास्तीचं काही आढळलंच नाही. शंभर वर्षांची नोंद, डॉक्टरांची डॉक्टरांशी तुलना. दादा, याच्यासमोर तुझी तीन लाल दिव्यांची चित्रं.

माझ्या छातीवर एक बिल्ला असतो, टीएलडी म्हणतात. शिशाच्या अ‍ॅप्रनच्या आत लावायचा. तीन महिन्यांनी तो तपासायला जातो आणि कोणाला किती डोस मिळाला त्याचा कागद येतो. मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट. माझे कागद एका बिस्किटाच्या डब्यात आहेत. 20 सोडा, वर्षाला 1 च्या वर मी कधी गेलो नाही. बाईला मूल होत नाही म्हणे! आमच्या रेडिओलॉजिस्ट मॅडम दुसऱ्या बाळंतपणानंतर कामावर आल्या त्याला आता चार वर्षं झाली. दिवस गेल्याचं कळवलं की पोटातल्या बाळासाठी 1 मिलिसिव्हर्टची वेगळी मर्यादा लागते, ड्युटी सोनोग्राफीकडे वळवतात, आणि संपलं. पुतणीच्या लग्नाची काळजी करणाऱ्या आमच्या आतेने हा परिच्छेद दोनदा वाचावा.

वहिनीला घाबरवलं ते वेगळ्या ओळीने. ‘मॅमोग्राफीत छाती दाबतात, त्याने गाठ फुटून कॅन्सर पसरतो.’ दाबतात हे खरं. दुखतंही, खोटं कशाला बोलू. दाबल्याने मांस पसरतं, एकावर एक पडलेले थर वेगळे दिसतात आणि डोसही कमी लागतो. बरं, पसरत असतं तर कुठेतरी दिसायला नको? स्वीडनमध्ये लास्लो ताबार नावाच्या रेडिओलॉजिस्टने 1977 मध्ये दोन जिल्ह्यांत एक मोठी चाचणी सुरू केली. काही बायकांना मॅमोग्राफीला बोलावलं, काहींना नाही. 1985 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला: बोलावलेल्यांत स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी. दाबून पसरत असतं तर आकडा उलटा यायला हवा होता. मॅमोग्राफीवर खरे वादही आहेत. कधीच त्रास न देणारी गाठसुद्धा सापडते आणि उगाच उपचार होतात, असं म्हणणारे अभ्यासक आहेत, त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. पण तो वाद डॉक्टरसमोर बसून घालायचा. पहाटे साडेपाचच्या मेसेजवरून वेळ रद्द करून नव्हे.

आता पहिला मुद्दा, ज्याने पुतणी रडली. मेसेजातले एआयचे जनक म्हणजे जेफ्री हिंटन, ते 2016 मध्ये टोरोंटोला असं म्हणाले, हे खरं. पाच वर्षांत यंत्र रेडिओलॉजिस्टांपेक्षा सरस होईल, नवे घडवणं थांबवा. जाता जाता ‘कदाचित दहा लागतील’ असंही म्हणाले होते, ते मेसेजात गळालं. 2024 मध्ये त्यांना नोबेल मिळालं तेही खरं. पण मे 2025 मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये जाऊन पाहिलं, तर 2016 पासून तिथले रेडिओलॉजिस्ट 55 टक्क्यांनी वाढून 400 च्या वर गेले होते. आणि खुद्द हिंटन त्याच बातमीत म्हणाले की आपण तेव्हा जरा सरसकट बोललो. ज्याच्या तोंडचं वाक्य घेऊन लोक फिरताहेत त्याने ते आवरतं घेतलं, आणि आमचा दादा अजून 2016 मध्येच आहे.

यंत्र काहीच करत नाही असं मी म्हणणार नाही. स्वीडनच्याच एका चाचणीत, 80 हजारांवर बायकांच्या मॅमोग्राफीत, यंत्राच्या मदतीने फोटो वाचायचं काम 44 टक्क्यांनी कमी झालं आणि कॅन्सर थोडे जास्तच सापडले. मानलं. पण तिथे यंत्राने एवढंच ठरवलं, की फोटो एका डॉक्टरने पाहायचा की दोघांनी. एकाही डॉक्टरने पाहायचा नाही, असा पर्यायच नव्हता.

आमच्याकडची एक गोष्ट. पावसाळ्यात एक भाटकार, म्हणजे जमीनदार, आला, उजव्या कुशीत कळ. चिठ्ठीवर ‘मुतखडा?’ लिहिलेलं. सीटी काढला, खडा नाही. यंत्राला खड्याबद्दल विचारलं असतं तर ‘नाही’ म्हणून ते मोकळं झालं असतं आणि चुकलंही नसतं. मॅडमनी आतून हाक मारली, “पेशंट गेला का रे?” तो कॅन्टीनमध्ये चहा घेत होता. पोटाच्या सीटीत अगदी वरच्या दोन-तीन चित्रांत फुप्फुसाची खालची कड येते, तिथे त्यांना पांढरा डाग दिसला होता. त्याला परत बसवून विचारलं, ताप? “हय, चार दिस.” खोकला? “थोडो.” न्यूमोनिया होता, कळ पोटात. चिठ्ठीवर न्यूमोनियाचं नावही नव्हतं. मॅडमनी वॉर्डात फोन केला तेव्हा त्याचा चहा अर्धाच झाला होता.

तिसऱ्या मुद्द्याचं उत्तर इथेच आलं, पण ‘हात लावत नाही’ म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक. 1964 चा जानेवारी, अमेरिकेतलं पोर्टलंड. 82 वर्षांची एक बाई, पायाची बोटं काळी पडलेली, सर्जन म्हणाले पाय कापा, ती म्हणाली नाही कापणार. चार्ल्स डॉटर नावाच्या रेडिओलॉजिस्टने तिच्या मांडीच्या शिरेत तार घालून, तिच्यावरून नळ्या सरकवत अडलेली वाट रुंद केली. पाय गरम झाला, बाई पुढे स्वतःच्या पायांवर चालत राहिली. आज म्हापशापासून काणकोणापर्यंत ज्याच्या-त्याच्या तोंडी असलेल्या अँजिओप्लास्टीचं मूळ हे. लोक डॉटरला वेडा चार्ली म्हणत. शिरेत सुई, सुईतून तार, तारेवरून नळी ही रीत 1953 मध्ये स्वेन-इवार सेल्डिंगर या तरुण स्वीडिश रेडिओलॉजिस्टने दिली. ‘एवढ्याशावर प्रबंध होत नाही’ असं त्याच्या वरिष्ठांचं मत पडलं. गळ्याच्या शिरेत नळी घालणारा आयसीयूतला प्रत्येक डॉक्टर ती आज वापरतो.

तेव्हा दुसरा मुद्दाही अर्धाच खरा. एक्स-रेवाले रॉन्टगेन भौतिकशास्त्रज्ञ होते, सीटीवाले हाउन्सफिल्ड इंजिनियर. पण 1 ऑक्टोबर 1971 ला लंडनमध्ये पहिल्या पेशंटचं डोकं त्या यंत्रात गेलं तेव्हा शेजारी जेम्स अ‍ॅम्ब्रोज नावाचा रेडिओलॉजिस्ट होता. कुठला पेशंट घ्यायचा आणि दिसतंय ते काय आहे, हे त्याने सांगायचं होतं. कढई कोणी घडवली म्हणून शाकुती त्याची होत नाही.

गोरिला. हे मात्र खरं आहे, आणि मला आवडलं नाही तरी खरं आहे. 2013 च्या अमेरिकेतल्या प्रयोगात फुप्फुसाच्या सीटीत गोरिलाचं चित्र घुसवलं आणि 24 पैकी 20 रेडिओलॉजिस्टांना ते दिसलं नाही. ते गाठी शोधत होते, नजर गाठींवर होती. थकलेल्या माणसाकडून चुका होतात, मी पाहिल्यात. मेसेजात नसलेली गोष्ट अशी, की तेच फोटो शिक्षण नसलेल्या 25 जणांना दाखवले. त्यांच्यातल्या एकालाही गोरिला दिसला नाही, आणि गाठी तर रेडिओलॉजिस्टांच्या पाव हिश्शाच्याही आत सापडल्या.

पुतणीला एवढंच, की काकाची शिफारस वगैरे समजू नकोस. हैदराबादच्या निम्स या मोठ्या इस्पितळाचे पहिले संचालक काकरला सुब्बाराव रेडिओलॉजिस्ट होते. एम्समध्ये शिकलेल्या विजय राव फिलाडेल्फियात विभागप्रमुख झाल्या आणि 2018 मध्ये उत्तर अमेरिकेच्या रेडिओलॉजी संघटनेच्या अध्यक्ष. पुढे काय करायचं ते तू ठरव. काउन्सेलिंगमध्ये या सीटा पहिल्या संपतात, त्याला पैसा हेही एक कारण आहे, ते लपवायचं काही नाही.

आणि वहिनी, शनिवारी साडेनऊची वेळ मी परत घेतली आहे. त्या दिवशी काखेत पावडर किंवा सेंट लावू नकोस, फोटोत ते बारीक चुन्याच्या ठिपक्यांसारखं दिसतं आणि मॅडम नसत्या शंकेत पडतात. मंगळसूत्र काढून पर्समध्ये ठेव. दोन वर्षांपूर्वीची फिल्म कपाटावरच्या निळ्या पिशवीत आहे, ती विसरू नकोस, नव्या फोटोशेजारी ती धरूनच मॅडम वाचतात. दादाला बाहेर बसव. फोन त्याच्याकडे देऊ नकोस.