सहाला राधानगर गाठाल, तर अंधारच बघाल

अंदमानच्या सहलीवरचा तुमचा बाकी लेख छान, पण ‘संध्याकाळी सहापर्यंत राधानगर बीचवर पोहोचा, सूर्यास्त चुकवू नका’ हा सल्ला डिसेंबरात अंदमानला जाणाऱ्यांनी कृपया पाळू नका. राधानगर ज्या बेटावर आहे त्या हॅवलॉकला (हल्लीचं स्वराज द्वीप) तेव्हा पाचच्या सुमारास सूर्य बुडालेला असतो. घड्याळ आपलंच, पण अंदमान मुंबईच्या जवळपास 20 रेखांश पूर्वेला, त्यामुळे तिथला दिवस सव्वा तासाहून जास्त पुढे पळतो. आमच्या हॉटेलवाल्याने साडेतीनलाच दार वाजवलं, ‘आत्ता निघा’ म्हणून. जेवण अजून जिरलं नव्हतं, आमचे हे सगळा रस्ता कुरकुरत होते. परतताना मिट्ट काळोखात ठाण्याचा एक ग्रुप समोरून भाड्याच्या स्कूटर दामटत आला. ‘संपला का हो?’ काय सांगणार! उलट पहाटे लवकर उठायची तयारी असेल तर पूर्वेकडचा कालापत्थर बीच बघा. लेखात त्याचं नावही नाही.

आणि नील बेटावरच्या त्या नैसर्गिक दगडी कमानीचा फोटो टाकलाय, पण ओहोटीचा उल्लेख नाही. तिथे ओहोटीलाच नीट चालत जाता येतं. आदल्या रात्री हॉटेलात वेळ विचारून ठेवा, मगच गाडी ठरवा. वाट सगळी मेलेल्या प्रवाळांची, टोकदार आणि निसरडी. चौपाटीवर घालतो त्या रबरी चपला नकोत, मागे पट्टा असलेल्या सॅंडल घाला.