‘आमच्या आजीच्या वाकळीला कुठे होती पट्टी?’ : काकूंना उत्तर

काकू, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया आली त्याच दिवशी वाचली. आधी राग आला. मग तीन दिवस उत्तर लिहायला हात धजेना, कारण त्यातलं एक वाक्य अगदी खरं होतं.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. गोधडीच्या कडेला पट्टी कशी लावायची, ते मी मागच्या महिन्यात लिहिलं होतं. अमरावतीच्या या काकूंचं म्हणणं असं की बाइंडिंग, म्हणजे ही पट्टी, हे परदेशी व्हिडिओंचं खूळ आहे. त्यांच्या आजीने जन्मात कधी पट्टी लावली नाही, कडा आत दुमडून धावदोरा घातला की झालं. पट्टीपायी मीटरभर कापड वाया जातं. पट्टीच्या दोन्ही बाजू मशीनने शिवणं म्हणजे निव्वळ आळस. आणि शेवटी, मी सांगितलं तस्संच करून त्यांच्या गोधडीच्या कडेला लाटा आल्या आणि कोपरे चेंडूसारखे फुगले.

खरं वाक्य हे शेवटचं. म्हणून तिथूनच सुरू करते.

तुम्ही मापं दिलीत ते फार बरं केलं. गोधडी मधोमध मोजली तर ८४ इंच, कडेने मोजली तर ८६. हा दोन इंचांचा फरक पट्टीने केलेला नाही, पण पट्टीने तो पक्का शिवून टाकला. धावदोरा घातला की कापड आखडतं, हे तुम्हाला मी काय सांगणार! तुम्ही मधला भाग दाट टाक्यांनी भरलात आणि ‘कड शेवटी करू’ म्हणून चारही बाजूंनी वीतभर जागा कोरी ठेवलीत. मधलं आखडलं, कड होती तेवढीच राहिली. त्यात मशीनचे दाते खालचं कापड पुढे ओढतात आणि वरची पट्टी मागे रेंगाळते. आणि मी काय लिहिलं होतं? ‘पट्टी लावत जा, शेवटी उरेल ती कापा.’ म्हणजे कड जितकी सैल तितकी पट्टी तुम्ही तिला पुरवत गेलात. चूक माझीच. मी स्वतः कडेपासून आत शिवत जाते, आईने हाताला तेच वळण लावलं, त्यामुळे माझ्या गोधड्यांना लाटा येत नाहीत. जे हाताला सवयीने येतं ते लिहायचं राहून जातं.

आता उपाय. उसवावं लागेल, चारही बाजू. माफ करा. मग कडेपासून एक सूत (इंचाचा आठवा भाग) आत, सगळ्या थरांतून लांब टाक्यांचा धावदोरा घाला. दोरा मजबूत घ्या आणि त्याची दोन्ही टोकं मोकळी सोडा. दोरा हलके ओढत कड ८४ वर आणा. चुण्या एका जागी गोळा होऊ देऊ नका, बोटांनी सारख्या पसरवा. वर ओला पंचा टाकून इस्त्री दाबा, घासू नका. पट्टीवर २१-२१ इंचांवर खुणा करा, गोधडीच्या कडेचेही तसेच चार भाग पाडा आणि खूण खुणेला टाचणीने लावा. ८४ इंचांत दोन इंच सहज मुरतात, शोधूनही सापडणार नाहीत. आडव्या बाजूंचंही तेच करा: माप मधलं घ्या, कडेचं नाही. फरक पाच-सहा इंचांचा असता तर पट्टीला हात न लावता मधला धावदोराच सैल करा असं म्हटलं असतं.

कोपऱ्यांचं कारण वेगळं. मी लेखात दाखवलेली गोधडी पातळ होती, दोन कापडं आणि मधे कापसाचा एक थर. तिला अडीच इंचांची दुहेरी पट्टी आणि दोन सुतांचं मार्जिन पुरतं. तुमची चार साड्यांची जाड वाकळ. तिला पट्टी तीन इंचांची हवी आणि मार्जिन तीन सूत. हिशेब बघा: तीन इंचांची पट्टी मधे दुमडली की दीड इंच. त्यातले तीन सूत मार्जिनमध्ये गेले, उरले नऊ सूत. तीन पुढच्या बाजूला दिसतात, दोन जाडीत जातात, चार मागे पुरतात आणि टीप झाकली जाते.

शिवताना कोपऱ्याच्या बरोबर तीन सूत अलीकडे थांबा. उलटे दोन टाके, दोरा कापा आणि गोधडी मशीनखालून काढाच. पट्टी वर अशी तिरपी दुमडा की ती आता शिवायच्या बाजूच्या रेषेत सरळ उभी राहील. मग तीच सरळ खाली आणा. दुमड वरच्या कडेशी बरोबर जुळली पाहिजे. नवी टीप अगदी कडेपासून सुरू करा. पहिली टीप दोन टाके जरी पुढे गेली तरी कोपरा उलटत नाही आणि तिथेच गोळा होतो. मागच्या बाजूला दुमड पुढच्याच्या उलट दिशेला घाला, म्हणजे सगळी जाडी एकाच अंगाला साचत नाही. पहिल्या तीन कोपऱ्यांना त्रास होईल, चौथा छान येईल. गोधडीला कोपरे चारच असतात हे दुर्दैव.

आता कापडाचं. इथे मात्र मी तुमचं ऐकणार नाही. तुमच्या ६० बाय ८४ च्या गोधडीचा घेर २८८ इंच, जोडासाठी १२ धरले तर ३००. ४४ इंच पन्ह्याच्या कापडातून किनार सोडून ४२ मिळतात, तिरप्या जोडात प्रत्येक पट्टीचे तीन जातात. आठ पट्ट्या झाल्या, म्हणजे २४ इंच कापड. पाऊण मीटरसुद्धा नाही. जोड मात्र तिरपाच घ्या, सरळ जोडला की त्या जागी गाठ लागते. मीटरभर गेलं असेल तर ते बहुतेक उरेब, म्हणजे कापड तिरपं कापून केलेल्या, पट्टीपायी. तेही मीच मोघम लिहिलं होतं. सरळ कडेला सरळ पट्टी चालते. उरेब लागते ती गोल कोपऱ्यांना. तिचा आणखी एक गुण आहे. सरळ पट्टीच्या दुमडीवर एकच धागा लांबच्या लांब येतो, तो झिजला की दुमड चिरल्यासारखी फाटते. उरेब पट्टीत धागे दुमडीला तिरपे ओलांडतात, झीज वाटली जाते. म्हणून रोज धुवायच्या दुपट्याला मी उरेब घेते, वाकळीला नाही.

कापड विकत आणायचंच असं नाही. ओटीत आलेल्या ब्लाउजपीसांनी आपली कपाटं भरलेली आहेत, त्यातले सुती तेवढे निवडा. नागपूरच्या गांधीबागेतल्या कापडबाजारात जाऊन केंब्रिक (तलम सुती कापड) आणलं तर आधी भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्या धुण्यात पट्टी आटते आणि कड पुन्हा चुरगळते. लाल आणि गर्द निळा रंग ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून बघाच.

आळस म्हणालात, ते अर्धं मान्य. मागची बाजू हाताने तुरपली की दिसायला देखणी, पण बाळाच्या दुपट्याला ती तुरपाई किती धुणी टिकणार? तिथे मी खुशाल टीप मारते.

राहिली आजी.

२०१८ च्या डिसेंबरात नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला, त्या आठवड्यात मी आजीची वाकळ पेटीतून बाहेर काढली. खालचं कापड मांजरपाट, एम्प्रेस मिलचं. आजोबा तिथेच कामाला होते. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये सुरू केलेली ती मिल आता उरली नाही, मांजरपाट अजून शाबूत आहे. फाटला होता फक्त उशाकडचा काठ. दुरुस्त करावा म्हणून उसवला तर हिरव्या काठाखाली मेंदी रंगाचा काठ निघाला, त्याच्याखाली आणखी एक, पार विटलेला. तिन्ही जुन्या लुगड्यांचे. पायथ्याकडे एकच. डोक्याचं तेल, हनुवटीचं घासणं आणि रात्रभर ओढाताण, हे सगळं उशाकडच्याच वाट्याला येतं. आजी तेवढाच काठ बदलत गेली आणि आतली वाकळ तशीच ठेवली. ती याला गोट म्हणायची, आई मगजी म्हणते. नागपुरातल्या महाल भागातल्या आमच्या टेलरकाकांना सांगितलं तर म्हणाले, “गोट लावून राहिली का? आता कोन लावते? पायपिंग म्हन नं!” बाइंडिंग हा शब्द मी वापरला तो शोधणाऱ्याला सापडावा म्हणून, एवढंच.

तुमच्या आजींची पद्धत खोटी आहे असं मी म्हणत नाही. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात मूळच्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातल्या बायका कवंदी (त्यांची गोधडी) शिवतात ती अशीच, एका कोपऱ्यापासून सुरुवात, कडा आत दुमडत, फिरत फिरत मध्यापर्यंत. वेगळी पट्टी नाही, कोपऱ्यांवर दुमडलेल्या चिंध्यांची फुलं. सुरुवातच कडेपासून, त्यामुळे तिथे लाटांचा प्रश्न येत नाही. आत दुमडलेली कड झिजली की मात्र बाहेरच्या दोन-चार ओळी उसवून पुन्हा दुमडावं लागतं, गोधडी तेवढी लहान होते, किंवा मग वरून काठ चढवावा लागतो.

मूळ लेखात ‘उरेल ती कापा’ हे वाक्य काढलंय, मधलं माप घ्यायचं आणि जाड वाकळीची मापं घातली आहेत. तुमच्या आजींची ती वाकळ अजून घरात असेल तर एकदा तिचा उशाकडचा काठ चिमटीत धरून बघाल? पायथ्यापेक्षा जाड लागतो का, तेवढं कळवा.