हार्टच्या मुलांचे दात आणि सात सूचनांचं एक फॉरवर्ड

नणंदेचा फोन आला तो अपॉइंटमेंट रद्द करायला. तिची लेक चार वर्षांची. जन्मापासून टेट्रालॉजी ऑफ फॅलो, म्हणजे हृदयात एकत्र चार दोष, ज्यांनी मूल निळं पडतं. तान्ही असताना शंट टाकलेला, म्हणजे फुप्फुसाकडे रक्त नेणारी कृत्रिम नळी, मोठं ऑपरेशन अजून बाकी. खालच्या दोन दाढा किडल्यात. मी खटपट करून मुलांच्या दंतवैद्याकडे वेळ घेऊन दिली होती, आणि ही म्हणते, "वहिनी, अशा मुलांच्या दाताला हात लावायचा नसतो म्हणे. मेसेज आलाय." पाठोपाठ तो मेसेजही आला. मी स्वतः दातांची डॉक्टर आहे, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. तरी मेसेज जिंकला.

आता तो पेशंटच्या आयांकडूनही मला येतोय, म्हणून एकदाच लिहून टाकते. 'हृदयरोगी मुलांच्या पालकांसाठी अत्यंत महत्त्वाचे' असं शीर्षक आणि खाली सात सूचना. एक, ब्रश करू नका, हिरडीतून रक्त आलं की जंतू थेट हृदयात जातात; बोटाने मीठ-हळद लावा. दोन, दुधाचे दात किडले तरी सोडून द्या, पडणारच आहेत. तीन, हृदयाचं ऑपरेशन होईपर्यंत दातांच्या डॉक्टरकडे नेऊ नका, भुलीने हृदय बंद पडतं. चार, कीड असेल तर रिंगणीच्या बियांची धुरी द्या. पाच, दात हलला किंवा दुखला की घरीच अ‍ॅमॉक्सिसिलिन या अँटिबायोटिकचं सिरप एक चमचा पाजा. सहा, ऑपरेशन झालं की दातांची काळजी संपली. सात, परदेशात हे सगळं कधीच बंद झालंय, आपले डॉक्टर पैशासाठी लपवतात.

पहिल्या सूचनेत अर्धं खरं आहे, आणि लोक फसतात ते त्या अर्ध्यामुळेच. तोंडातले जंतू रक्तात जातात, हे खरं. निरोगी हृदयात त्यांचं काही चालत नाही, शरीर थोड्या वेळात त्यांचा निकाल लावतं. पण जिथे रक्त छिद्रातून, अरुंद झडपेतून किंवा कृत्रिम नळीतून जोराने घुसतं, तिथलं आतलं अस्तर खरचटलेलं असतं. तिथे हे जंतू चिकटून वाढू शकतात. त्या आजाराला इन्फेक्टिव्ह एंडोकार्डायटिस म्हणतात. तो क्वचित होतो, पण झाला तर साधारण चार ते सहा आठवडे शिरेतून अँटिबायोटिक, कधी झडपेचं ऑपरेशन, आणि काही मुलं वाचतही नाहीत. तेव्हा भीती निराधार नाही, एवढं मेसेजवाल्याला दिलं.

पण मग ब्रश बंद? अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००७ साली याच विषयावर सविस्तर मार्गदर्शिका काढली. तोवर झालेल्या अभ्यासांतले आकडे त्यांनी एकत्र मांडले. दात काढल्यावर रक्तात जंतू सापडण्याचं प्रमाण वेगवेगळ्या अभ्यासांत १० ते १०० टक्के. ब्रश आणि फ्लॉस केल्यावर २० ते ६८ टक्के. आणि नुसतं अन्न चावल्यावर ७ ते ५१ टक्के. म्हणजे मेसेजवाल्याच्या हिशेबाने पोरीचं जेवणही बंद करायला हवं. दोन वेळच्या भाकरीने रक्तात जंतू जातात म्हणून कुणी मूल उपाशी ठेवत नाही. मग ब्रशच का खुपला?

त्या आकड्यांचा खरा अर्थ अगदी उलटा आहे. जंतू रोजच थोडे थोडे जातात, मग तोंडात ते मुळात कमी असलेले बरे. हिरडीतून रक्त येतं कारण दाताच्या कडेला घाण साचून ती सुजलेली असते. रक्त दिसलं म्हणून ब्रश सोडला की घाण वाढते, हिरडी आणखी सुजते, आणि पुढच्या वेळी घास चावतानाही रक्त येतं. मऊ ब्रशने नीट घासायला लागल्यावर साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत रक्त थांबायला लागतं. नाही थांबलं तर दाखवा. मीठ-हळदीशी माझं वैर नाही, पण बोट दाढांच्या फटीत जात नाही आणि हळदीत फ्लोराइड नसतं. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट, त्यानंतर सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी, दिवसातून दोनदा, आणि घासायचं मोठ्या माणसाने.

एक अडचण मात्र मेसेजवाल्याला सुचली नाही, आणि आया मला ती हळू आवाजात सांगतात. फॅलोचं मूल जोरात रडलं की निळं पडू शकतं. ज्या आईने तो झटका एकदा पाहिलाय, ती ब्रश हातात घ्यायलाच घाबरते, आणि तिला नावं ठेवायची माझी हिंमत नाही. यावर तोडगा असतो. मूल शांत असेल ती वेळ धरायची, मांडीवर डोकं घेऊन मागून घासायचं, आज दोन दात उद्या चार, आणि झटका आला तर गुडघे छातीशी कसे दाबायचे ते कार्डिऑलॉजिस्टकडून आधीच शिकून ठेवायचं.

या मुलांचे दात जास्त किडतात, याची कारणंही घरातच असतात. वजन वाढावं म्हणून रात्री झोपेत साखर घातलेल्या दुधाची बाटली. दिवसातून दोन-तीनदा गोड सिरप, आणि त्यावर चूळ भरायची कुणाला आठवत नाही. वरून 'बिचारीने आधीच किती सोसलंय' म्हणत आजोबांनी खिशातून काढलेलं चॉकलेट. आई-वडिलांना इको, सॅच्युरेशन, औषधांच्या वेळा तोंडपाठ असतात. एंडोकार्डायटिस हा शब्द मात्र अनेकांनी पहिल्यांदा माझ्या खुर्चीशेजारी उभं राहून ऐकलेला असतो. जाडजूड फाइलमध्ये दातांविषयी एक ओळ नसते. पोकळी तिथे आहे, म्हणून असले मेसेज भरभर पसरतात.

दुधाच्या दातांचं एका परिच्छेदात उरकते. पुढचे दात सहा-सात वर्षांचं असताना पडतात, पण दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. चौथ्या वर्षी किडलेली दाढ 'पडेल' म्हणून सोडली तर पुढची सहा-आठ वर्षं मुळाशी पू घेऊन मूल फिरणार, आणि तेही शंट असलेलं मूल.

तिसरी सूचना वाचून तर मी फोन बाजूला ठेवला. ऑपरेशन होईपर्यंत दात दाखवू नका? हृदयाच्या मोठ्या ऑपरेशनआधी दातांच्या डॉक्टरची चिठ्ठी मागतात, 'डेंटल फिटनेस' म्हणतात त्याला. तोंडात पू असेल तर ठरवलेलं ऑपरेशन पुढे ढकलावं लागतं. ज्या तारखेसाठी घरातल्यांनी दिवस मोजलेले असतात, ती तारीख किडलेल्या दाढेपायी जाते. भुलीबद्दल थोडं मान्य करते. पूर्ण भूल द्यायची असेल तर या मुलांना ती मोठ्या हॉस्पिटलमध्ये, हृदयाच्या मुलांचा अनुभव असलेल्या भूलतज्ज्ञाकडूनच दिली पाहिजे, गल्लीतल्या क्लिनिकमध्ये नाही. पण दाढ भरायला बहुतेकदा हिरडीत एक सुई पुरते, कधी तीही लागत नाही. ती सुई हृदयाचा अहवाल पाहून, औषध बेताने वापरून देता येते. रक्त पातळ ठेवायची गोळी चालू असेल तर ती दातांसाठी आपल्या मनाने बंद करू नका. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते, तपासून दोन्ही डॉक्टर मिळून ठरवतात.

धुरी. दातात किडा नसतो, जंतू साखरेतून आम्ल तयार करतात आणि त्याने दात विरघळतो. आणि जिचं ऑक्सिजन आधीच कमी आहे तिच्या तोंडात धूर सोडायचा? पुढे.

पाचवी सूचना मला सगळ्यांत घातक वाटते, कारण ती डॉक्टरी वाटते. अँटिबायोटिक दातांच्या काही कामांआधी काही मुलांना द्यावं लागतं, हे खरं आहे. कोणत्या मुलांना, याची २००७ च्या मार्गदर्शिकेतली यादी अगदी आखूड आहे, आणि २०२१ साली त्याच संस्थेने ती पुन्हा कायम केली. कृत्रिम झडप असलेली. आधी एकदा एंडोकार्डायटिस झालेली. निळेपणा आणणारा दोष दुरुस्त न झालेली, त्यात शंटवर असलेली मुलंही आली, म्हणजे आमची भाची. पॅच म्हणजे ठिगळ लावून किंवा छिद्र बुजवणाऱ्या डिव्हाइसने दोष पूर्ण बंद केलेली, फक्त पहिले सहा महिने. पॅचच्या कडेला गळती उरलेली. आणि हृदय प्रत्यारोपणानंतर झडप बिघडलेली. साधं छोटं छिद्र असलेल्या बहुतेक मुलांना ते लागतच नाही. तेही हिरडी किंवा मुळाशी हात लावायचं काम असेल तरच. दुधाचा दात आपोआप पडला, पडून ओठ फुटला, एक्स-रे काढला, यासाठी नाही, असं तिथे स्पष्ट लिहिलंय.

आणि 'एक चमचा' म्हणजे किती? मार्गदर्शिकेत मुलांसाठी किलोला ५० मिलिग्रॅम, एकच डोस, कामाआधी ३० ते ६० मिनिटं. बारा किलोच्या मुलीला ६०० मिलिग्रॅम. घरातल्या नेहमीच्या सिरपच्या चमच्यात १२५. म्हणजे पाचवा हिस्सा, तोही काम नसताना. हा हिशेब घरी करण्यासाठी देत नाहीये, चमच्याचा फोलपणा दिसावा म्हणून देतेय. शिवाय पाणी घालून तयार केलेलं ते सिरप आठवडाभराने टाकून द्यायचं असतं. मागच्या पावसाळ्यातलं फ्रीजच्या दारात उभं असतं ते नव्हे.

खरा धोका याच्याही पुढे आहे. या मुलांना कारण न कळता ताप येत राहिला, भूक गेली, मूल मलूल झालं, तर पहिली शंका एंडोकार्डायटिसची घ्यायची असते आणि ती पक्की होते रक्ताच्या कल्चरवर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून पाहायच्या तपासणीवर. घरच्या एका चमच्याने जंतू मरत नाहीत, पण कल्चरमध्ये दिसेनासे होऊ शकतात. मग आजार आत चालू आणि रिपोर्ट कोरा. तापात मनाने अँटिबायोटिक देऊ नका, आधी कल्चरसाठी रक्त द्या, आणि हृदयाचा आजार आहे हे प्रत्येक डॉक्टरला आठवणीने सांगा. संधिवाताच्या तापाने झडपा खराब झालेल्या, दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घेणाऱ्या मुलांच्या पालकांनीही ऐका. ते इंजेक्शन तो ताप पुन्हा येऊ नये म्हणून आहे, दातांसाठी नाही. दातांच्या कामाआधी अँटिबायोटिक सांगितलंच, तर ते दुसऱ्या जातीचं लागतं.

सहाव्याचं उत्तर वरच्या यादीत आलं. छिद्र पूर्ण बंद होऊन सहा महिने झाले असतील तर अँटिबायोटिकपुरतं ते बरोबर निघेल, ब्रशपुरतं कधीच नाही. कृत्रिम झडप असेल तर जन्मभर दोन्ही.

उरलं परदेश. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २००८ मध्ये दातांच्या कामाआधीचं अँटिबायोटिक देऊ नका असं सांगितलं, हे खरं आहे, आणि २०१६ मध्ये ती भूमिका थोडी सैल केली, हेही खरं. पण तिथे बंद झालं ते सरसकट अँटिबायोटिक. दात घासणं आणि दात दाखवणं कुठल्याच देशाने बंद केलेलं नाही. लपवण्याचं म्हणाल तर अमेरिकेची मार्गदर्शिका इंटरनेटवर फुकट आहे. आपल्याकडे २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत जन्मजात हृदयदोष आणि दातांचे आजार दोन्ही आहेत, आणि अंगणवाडी-शाळेतली ती तपासणी मोफत असते. तपासणीची गाडी आली की मुलाला तोंडही उघडायला सांगा.

पालकांनी एक करावं. पुढच्या भेटीत कार्डिऑलॉजिस्टकडून फाइलच्या पहिल्याच पानावर लिहून घ्यावं: दातांच्या कामाआधी अँटिबायोटिक हवं की नको, हवं तर कोणतं, आजच्या वजनाला किती, आणि पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे का. वजन वाढलं की आकडा पुन्हा लिहून घ्यायचा. दातांच्या डॉक्टरकडे जाताना ती फाइल न्यायची. फाइल न बघता जो थेट पक्कड हातात घेईल, त्याच्या खुर्चीवरून मूल उतरवून घरी आणा.