‘आधी शिकावे, मग शिकवावे’ : एका प्रतिक्रियेस उत्तर

सप्रेम नमस्कार.

एक्सेलमधील संमिश्र संख्यांच्या (वास्तव आणि काल्पनिक असे दोन भाग असलेल्या संख्यांच्या) आकडेमोडीवरील माझ्या लेखाखाली, अशी संख्या बनवणाऱ्या ‘कॉम्प्लेक्स’ फंक्शनबद्दल, आपण लिहिले आहे : ‘कॉम्प्लेक्स फंक्शनचे उत्तर आकडा नसून मजकूर असतो, हे लेखकाला ठाऊकच नाही. आधी शिकावे, मग शिकवावे.’ पहिल्या वाक्यावर चर्चा होऊ शकली असती; दुसरे लिहून ती वाट आपण स्वतःच बंद केलीत.

एखादी गोष्ट लेखात नसणे वेगळे आणि ती लेखकाला ठाऊक नसणे वेगळे. २००४ साली मी नाशिकच्या सातपूरमधील एका कारखान्यात नोकरीस होतो. एक्सेल २००३ मध्ये ही फंक्शन्स हवी असतील तर अ‍ॅनालिसिस टूलपॅक हे अ‍ॅड-इन आधी सुरू करावे लागे. एका संध्याकाळी एकसर जोडलेल्या पाच कॉइलींचे इम्पीडन्स (प्रत्यावर्ती विद्युतप्रवाहाला होणारा एकूण विरोध, जो संमिश्र संख्येने मांडतात) मी एका रकान्यात मांडले, सवयीने खाली बेरजेचे ‘सम’ लावले आणि उत्तर आले शून्य. चूक झाल्याचा इशारा नाही, काही नाही, नुसते शून्य. ‘सम’ रकान्यातील मजकूर गुपचूप वगळते आणि तेथे संमिश्र संख्यांच्या बेरजेचे ‘आयएमसम’च लागते, हे उमगेपर्यंत शेवटची बस निघून गेली होती, त्या रात्री मी पंचवटीपर्यंत पायी आलो. तेव्हा ही गोष्ट मला ठाऊक आहे की नाही, हे निदान मला तरी आपण सांगू नये.

मग ती लेखात का नाही? कारण लेखातील उदाहरणात बेरीजच नव्हती. ३० ओहम रोध, ४० ओहम रिअ‍ॅक्टन्स, २३० व्होल्ट दाब. ‘आयएमडिव्ह’ने दाबाला इम्पीडन्सने, म्हणजे ३०+४०जे ने (‘जे’ किंवा ‘आय’ हे काल्पनिक एककाचे चिन्ह), भागले की २.७६−३.६८जे, आणि त्यावर ‘आयएमअ‍ॅब्स’ लावले की त्याचे परिमाण, ४.६ अँपिअर. शिवाय लेखातील चित्रात पहिले उत्तर सेलच्या डाव्या कडेला चिकटलेले स्पष्ट दिसते. आकडा असता तर ते आपोआप उजवीकडे गेले असते. डोळे उघडे ठेवून वाचणाऱ्याला एवढी खूण पुरते, असा माझा समज होता.

‘आयएमआर्ग्युमेंट’ कोन रेडियनमध्ये देते हे लिहायचे राहिले, हे मात्र मान्य. या इम्पीडन्सचा कोन ०.९२७३ येतो, ‘डिग्रीज’मध्ये घातला की ५३.१३ अंश. ती ओळ काल रात्री लेखात जोडली आहे.

‘आय’ आणि ‘जे’ एकाच सूत्रात मिसळल्यास चूक येते, हे आपण मलाच शिकवले आहे. ते लेखाच्या तिसऱ्या परिच्छेदात आहे. ‘आयएमपॉवर’ने काल्पनिक एककाचा वर्ग केला की उणे एकच्या मागे सोळाव्या दशांश स्थळी एक शेपूट उरते, ही आपली शेवटची तक्रारही खरी आहे; पण सोळाव्या दशांश स्थळापर्यंत मोजून सातपूरमध्ये कोणी तार कापत नाही.