“काहीतरी केलंच असेल ना त्यांनी”

आज दुपारी इथल्याच एका मराठी घरी पोह्यांना बोलावलं होतं. मध्येच बेल वाजली. दारात पांढरे शर्ट, टाय, छातीवर नावाची काळी पट्टी लावलेली दोन पोरं. मॉर्मन मिशनरी, म्हणजे जोसेफ स्मिथने अमेरिकेत स्थापलेल्या ख्रिस्ती पंथाचे प्रचारक. कुणी दार उघडलं नाही. ठीक आहे, मीही बरेचदा उघडत नाही. पण मग जी टिंगल सुरू झाली! त्यांच्या बायका मोजून झाल्या, त्यांचा देव मोजून झाला, आणि शेवटी एकाने लिंबू पिळता पिळता ऐकवलं, “यांना मिझुरीतून मारून हाकललं होतं म्हणे. उगाच नाही हाकलत कुणी कुणाला. काहीतरी केलंच असेल ना त्यांनी.”

दुसऱ्याच्या घरी बसून पोहे खात होते, म्हणून गप्प बसले. इथे बसणार नाही.

गेल्या उन्हाळ्यात आई सांगलीहून आली होती, तेव्हा तिला अमेरिकेतल्या याच मिझुरी राज्यातल्या हॉन्स मिलला नेलं होतं. कॅन्सस सिटीहून दीडेक तास, शेवटी शेतांमधला कच्चा रस्ता. पोचल्यावर काय, तर झाडं, ओढा आणि एक पाटी. आई म्हणाली, “एवढ्यासाठी आणलंस?” मग तिला बसवून सांगितलं.

३० ऑक्टोबर १८३८. शोल क्रीकच्या काठी गिरणी, लोहाराचं दुकान, थोडी घरं, आणि नुकतीच येऊन उतरलेली काही कुटुंबं, अशी मॉर्मनांची वस्ती. दुपारी दोनशेहून जास्त हत्यारबंद मिझुरीकर चालून आले. बायका-पोरी ओढा ओलांडून रानात पळाल्या, पुरुष आणि काही मुलगे लोहाराच्या दुकानात शिरले. दुकान ओंडक्यांचं, मध्ये हात जाईल एवढ्या फटी. त्या फटींतून बंदुका आत घातल्या. सतरा जण मारले गेले. सार्डियस स्मिथ हा दहा वर्षांचा मुलगा भात्याखाली लपला होता, तो सापडल्यावर त्याला गोळी घातली. का, तर लिखांच्याच पुढे उवा होतात, असं मारणारा म्हणाल्याची नोंद आहे.

आईने एकच विचारलं. “त्याची आई कुठे होती?”

त्याची आई अमांडा स्मिथ. तिचा नवराही त्याच दुकानात गेला. धाकटा आल्मा जिवंत सापडला, पण त्याचा खुबा गोळीनं उडालेला. तिने राखेच्या पाण्याने जखम धुतली, एल्मच्या झाडाचा लगदा करून भरला आणि पोराला पाच आठवडे पालथं झोपवून ठेवलं. तो चालायला लागला. आईचं मन मात्र त्या राखेच्या पाण्यावरच अडकलं. “केवढी आग झाली असेल गं त्याची.” परतीच्या वाटेवरही तेच.

तर, “काहीतरी केलंच असेल”. हो, केलं होतं की! १८३१ पासून मिझुरीतल्या इंडिपेन्डन्स गावी येऊन जमिनी घेतल्या. मतं एकगठ्ठा दिली. बरेचसे उत्तरेकडचे, आणि मिझुरी गुलाम बाळगणारं राज्य. त्यांच्या वर्तमानपत्रात स्वतंत्र काळ्या माणसांबद्दल एक मजकूर आला आणि गाव पेटलं. जुलै १८३३ मध्ये छापखाना पाडला, बिशप एडवर्ड पार्ट्रिजला भर चौकात डांबर फासून पिसं चिकटवली. गावगुंडांचं काम वाटतं ना? मॉर्मनांना इथून घालवा म्हणणाऱ्या जाहीरनाम्यावर न्यायाधीश, पोस्टमास्तर, तुरुंगाधिकारी अशांच्या सह्या आहेत. त्याच काउंटीत राहणारा लिलबर्न बॉग्ज तेव्हा उपगव्हर्नर होता. पुढे तोच गव्हर्नर झाला आणि २७ ऑक्टोबर १८३८ ला त्याने लेखी हुकूम काढला: मॉर्मनांना शत्रू समजा, गरज पडल्यास त्यांचा नायनाट करा नाहीतर राज्याबाहेर घालवा. सरकारी कागदावर! आणि बहुतेक अभ्यासकांच्या मते हा हुकूम हॉन्स मिलच्या हल्लेखोरांपर्यंत पोचलाही नव्हता. त्यांना हुकूम लागलाच नाही.

आणि बायकांचे विनोद करणाऱ्यांनो, बहुपत्नीत्व त्यांनी जाहीरपणे मान्य केलं १८५२ मध्ये, युटाला गेल्यावर. तोवर ओढ्याकाठची माणसं मरून चौदा वर्षं झाली होती.

हो, माहीत आहे. त्या ऑक्टोबरात मॉर्मनांनीही गॅलटिन गाव लुटलं, जाळलं. १८४४ मध्ये जोसेफ स्मिथने विरोधकांचा छापखाना मोडायला लावला. १८५७ मध्ये युटातल्या माउंटन मेडोजला मॉर्मनांच्या नागरी फौजेने सुमारे १२० प्रवासी मारले, त्यात बायका-मुलंही होती. कबूल. पण म्हणून दहा वर्षांच्या सार्डियसने काय केलं होतं, ते कुणीतरी मला सांगा.

जाऊ दे. सगळे तसे नव्हतेही. मिझुरीच्या फौजेतला अधिकारी अलेक्झांडर डॉनिफन, त्याला १८३८ मध्ये जोसेफ स्मिथला गोळ्या घालायचा हुकूम मिळाला होता, त्याने साफ नकार दिला. ऐन हिवाळ्यात ही हजारो माणसं मिसिसिपीपार गेली, तेव्हा इलिनॉयमधल्या क्विन्सी गावाने त्यांना घरात घेतलं, खाऊ घातलं. यांचा धर्म त्यांनाही पटत नव्हता.

आईने तिथून निघताना विहीर कुठे ते विचारलं. मीच सांगितलं होतं तिला: खड्डे खणायला माणसं नव्हती, हल्लेखोर परततील ही भीती, म्हणून प्रेतं अर्धवट खणलेल्या विहिरीत सोडली. वाचलेल्यांपैकी जोसेफ यंगने सार्डियसला उचललं, पण त्याचे हात पुढे होईनात. त्या मुलाशी तो प्रवासात खेळला होता. शेवटी अमांडाने आणि तिच्या थोरल्याने त्याला आत सोडलं. आई शेतकऱ्याच्या घरातली. “विहिरीत?” म्हणाली, आणि मला तिथे एक फोटो काढू दिला नाही.

त्या गोळीबाराबद्दल शिक्षा कुणालाच झाली नाही. बॉग्जचा हुकूम मिझुरीच्याच गव्हर्नर किट बाँडने रद्द केला २५ जून १९७६ ला. आज पोहे खायला बसलेल्यांपैकी निम्मे तोवर जन्मले होते.

कुणाला जायचं असेल तर पाऊस पडून गेल्यावर लगेच जाऊ नका, चिखलात गाडी रुतते. आणि त्या लिंबू पिळणाऱ्यांना न्यायला मी तयार आहे, पेट्रोल माझं.